वाफ्याचा नंबर टाका आणि लिहा : सांगलीतल्या विश्रामबागच्या बागेतले अनुभव

वाफा १ (पाण्याची वही ज्याच्याकडं असते तो)

मंडळी, रविवारी पाण्याच्या वह्या चाळत बसलो होतो. आठ वर्षांत तीन भरल्या. पण आत सगळं 'मोटर चालू ६.१०, बंद ६.४०, वाफा ५ गैरहजर' एवढंच. बाग कशी होती हे त्यातून पुढं कुणाला कळायचं नाही. जागामालक गुढीपाडव्यानंतर बांधकाम काढणार हे सगळ्यांना माहीत आहेच. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. आठ गुंठे जागा आठ वर्षं एक रुपया न घेता वापरू देणारा माणूस सांगलीत तरी मी दुसरा पाहिला नाही. म्हणून म्हटलं, बाग मोडायच्या आधी प्रत्येकानं आपापलं लिहून टाकावं. गोड गोडच लिहा असं नाही. भांडणंही येऊ द्या, ती काही कमी झाली नाहीत.

नावं नकोत, नंबर पुरे. तसंही आपण एकमेकांना नंबरानंच ओळखतो. परवा मंडईत चौदा नंबरच्या वहिनी भेटल्या, आडनाव काही केल्या आठवेना, पण त्यांच्या पावट्यावर माव्याची कीड कधी पडली ते महिन्यासकट आठवलं.

ज्यांनी बाग पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एकोणीस वाफे, प्रत्येक दहा बाय तीस फुटांचा. कोपऱ्यात खताचा खड्डा, एक बोअर, एक मोटर, एक काळी टाकी. बोअरचं पाणी मचूळ. कुंपणालगतची पट्टी सगळ्यांची मिळून, तिथं हळद.

वाफा ९

बँकेत छत्तीस वर्षं काढली, मातीत हात घातला तो निवृत्तीनंतर. पहिल्याच जूनमध्ये मोठा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी कुदळ घेऊन हजर. आपली काळी माती, सांगायला नको. दहा पावलांत एकेक चप्पल दोन-दोन किलोची झाली, शेवटी चपला काढून बांधावर ठेवल्या. तासभर खणून जी ढेकळं काढली ती चार दिवसांच्या उन्हानं अशी वाळली की हातोडीला दाद देईनात. चार नंबरचे आण्णा हे सगळं बांधावर बसून बघत होते. चकार शब्द काढला नाही.

पुढच्या पावसानंतर मात्र त्यांनी हाक मारली. वितभर खालची माती उकरून माझ्या मुठीत दिली. म्हणाले, आवळा. आवळली, गोळा झाला. कमरेएवढ्या उंचीवरनं सोडा. सोडला, तर खाली पडून भुगा. "ह्यो वाफसा. गोळाच झाला न्हाई तर उशीर झाला, पडून फुटला न्हाई तर घाई झाली." वाफसा, म्हणजे कुदळ चालवण्याजोगी ओल, हा शब्द मी आयुष्यभर ऐकत आलो होतो, हाताला लागला तो त्या दिवशी.

बाकी माझं म्हणाल तर मुळ्याशिवाय मला काही नीट जमलं नाही. मुळा मात्र असा यायचा की घरच्यांनी हात जोडले.

वाफा ४

नातीकडनं लिवून घेतोय. नऊ नंबरला म्या आधी बोललो न्हाई, कारन बोलून कळत न्हाई. ढेकळं फोडल्यावर कळतंय.

माजं गाव पलूसकडं, कृष्णाकाठाला. तीन एकर रान. वडलांच्या वक्ताला मळीत वांगी हुयाची, हिरवी, काटेरी. बी कवा इकत आनलं न्हाई. आई झाडावरचं एक चांगलं वांगं राखून पिकवायची, पिवळं पडलं की बी धुऊन राखंत घोळून मडक्यात. मग नदीचं पानी लिफ्टनं रानात आलं. ऊस लावला आन् पानी पाजत ऱ्हायलो. आपलं पानी हाय, पाजा. पानी जाणार कुटं, ते बघितलंच न्हाई कुनी. धा-पंदरा वर्सांत रानावर पांढरं फुटलं. सकाळी बघावं तर मीठ सांडल्यागत. ऊस गुडघ्यापत्तूर आला आन् तिथंच थांबला. निचऱ्याचं चर काडायला पैसा नव्हता. निम्मं रान इकलं, निम्मं तसंच पडून हाय. मग पोराकडं हितं आलो.

बागंत मोटर बंद करायला मी उटायचो, तर लोकांस्नी वाटायचं म्हातारा चिकट हाय. पानी जादा झाल्यावर काय हुतं ते मी डोळ्यानं बघितलंय एवढंच.

वांग्याचं बी भनीकडं हुतं, ते आनून सहा वाफ्यांत लावलंय. ज्यास्नी पायजे त्यांनी फेब्रुवारीच्या आत सांगा.

वाफा १५

हा आजोबांचा वाफा, मी दहावीत आहे. पावसाळ्यात गोगलगायी गोळा करायचं काम माझ्याकडं होतं. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून रात्री वाफ्यात टाकायचं, सकाळी उलटं केलं की खाली सगळ्या चिकटलेल्या. मग मिठाच्या पाण्याची बादली. एका सकाळी मी २१४ मोजल्या. एका गोगलगायीला आठ आणे असं ठरलं होतं. ते अजून मिळाले नाहीत.

वाफा १

वहीत लिहून ठेवलेत. १०७ रुपये. मिळतील.

वाफा १२

माझं माहेर राजापूर, आणि इथं आले तर हळदीच्या जातीचं नावच राजापुरी! बागेतल्या पहिल्या श्रावणात ती कुंपणालगतची पट्टी बघितली आणि जीव हरखला. एवढी रुंद, हिरवीगार पानं, आणि कुणी त्यांचं काही म्हणजे काही करत नाही. हळद निघाली की पाला खड्ड्यात! आमच्याकडं नागपंचमीला पातोळ्या करतात. तांदळाचं पीठ सरबरीत भिजवून पानावर पसरायचं, मधोमध गूळ-खोबऱ्याचं चुण, पान दुमडायचं आणि मोदकपात्रात वाफवायचं. झाकण काढलं की जो वास येतो त्याच्यासाठी मी सांगलीत चार वर्षं झुरत होते.

अकरा नंबरच्या शेटजींना पानं मागितली तर म्हणाले, पान काढलं तर कंद पोसणार कसा? घासाघीस करून ठरलं की एका झाडाची खालची दोनच पानं घ्यायची. दुसरी अडचण सासूबाईंची. नागपंचमीला काही चिरायचं नाही, कापायचं नाही, माती उकरायची नाही. मग आदल्या संध्याकाळी पावसात टॉर्च घेऊन आम्ही दोघी पानं काढायला. सासूबाई छत्री धरून उभ्या, मी चिखलात.

साठ-एक पातोळ्या झाल्या. बागेत वाटल्या. सगळ्यांनी छान छान म्हणत खाल्ल्या, आणि मग एकीनं हळूच विचारलं, "ह्याच्याबरोबर तिखट काय न्हाई का?" पुढच्या वर्षापासून पातोळी आणि भडंग असा बेत असतो. माहेरी सांगितलं तर आई दोन मिनिटं बोललीच नाही.

वाफा ७

माझी शाळा विश्रामबागेत म्हणून वाफा इथं घेतला, घर मात्र गावात, मारुती चौकाच्या खालच्या अंगाला. ऑगस्ट २०१९. त्या आठवड्यात सांगलीत कुणी कुणाला 'कसे आहात' विचारत नव्हतं, 'आयर्विनला किती?' एवढंच, म्हणजे आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी किती फूट. धोक्याची पातळी ४५ फूट. २००५च्या पुरात पाणी घरात जिथवर चढलं तिथं सासऱ्यांनी भिंतीवर निळ्या रंगानं रेघ मारून ठेवली होती. आम्ही शहाणे, गाद्या, धान्य, मुलांची दप्तरं, सगळं त्या रेघेच्या वर रचलं आणि कुलूप लावून निघालो. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. रेघ बुडाली, वरचं सामानही बुडालं.

नऊ दिवस आम्ही पाच माणसं चौदा नंबरच्या घरी होतो. तोवर त्यांची-माझी ओळख म्हणजे मेथीची जुडी दे, शेपूची घे, एवढीच. पाणी उतरल्यावर बागेतली अकरा माणसं खोरी-घमेली घेऊन आमच्या घरी आली. घोट्याच्या वर चिखल, फ्रीज आडवा, वासानं उभं राहवत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, पुराचा गाळ म्हणजे सोनं, दोन ट्रॉल्या बागेत टाकू. चार नंबरच्या आण्णांनी चिमूटभर उचलून हुंगला आणि हात झटकला. "ह्यो नदीचा गाळ न्हवं. गटार आन् तेल हाय ह्यात." एक घमेलंही नेलं नाही.

बागेत पूर आला नव्हता, पण पावसानं माझं सगळं कुजलं होतं. अळू तेवढं माजलेलं. महिनाभर आम्ही अळूचं फदफदं खाल्लं. अजून मुलं अळू म्हटलं की ताटावरून उठतात.

त्या निळ्या रेघेच्या वर आता लाल रेघ आहे.

वाफा १७

भांडणंही लिहा म्हणालात म्हणून लिहितो. फवारणी करणारा तो मीच.

पावट्याच्या शेंड्यांवर मावा बसला होता, काळा, दाट, बोटानं पुसला तर बोट चिकट. निंबोळी अर्क दोनदा मारला, फरक नाही. गावाकडून औषध आणलं आणि एका दुपारी कुणी नसताना मारलं. बागेत रासायनिक काही वापरायचं नाही हा नियम मला माहीत होता, खोटं कशाला बोलू. पण शेजारच्या अठरा नंबरनं त्याच संध्याकाळी मेथी काढायची ठरवली आहे हे माहीत नव्हतं. त्यांना वास आला. घरात सहा महिन्यांचं बाळ. त्या जे बोलल्या ते इथं लिहीत नाही.

बैठक बसली. माझा वाफा एक हंगाम रिकामा ठेवायचा आणि त्यात ताग पेरून गाडायचा असं ठरलं. ताग पेरला, फुलावर यायच्या बेताला कापून मातीत गाडला. पुढच्या वर्षी त्या वाफ्यात जसा पावटा आला तसा कुणाच्याच आला नाही, तो भाग वेगळा. पण त्या चार-पाच महिन्यांत बागेत कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं, ते मी विसरलेलो नाही. चूक माझी होती. शिक्षा जास्त झाली असं मला आजही वाटतं. अठरा नंबरला तसं वाटत नसणार.

वाफा १८

नाही वाटत. पण तुमचा पावटा मी खाल्लाय.

वाफा २

मुलगी जर्मनीत असते. बाळंतपणासाठी सहा महिने तिकडं होतो. रेल्वेतून जाताना रुळांच्या कडेला एकसारखी छोटी छोटी आवारं, प्रत्येकात एक लाकडी खोपटं. मला वाटलं गरिबांची वस्ती. जावई हसले. ती आपल्यासारखीच भाजीची बाग, फक्त नियमात बसवलेली. एकाला जास्तीत जास्त ४०० चौरस मीटर, म्हणजे आपले चार गुंठे. आपण अख्खे एकोणीस जण आठ गुंठ्यांत! खोपटं २४ चौरस मीटरपेक्षा मोठं नको, त्यात कायम राहायचं नाही. साधारण तिसरा हिस्सा जागेत फळं-भाजी लावायलाच हवी, नुसती हिरवळ चालत नाही. ह्याला १९८३चा देशाचा कायदा आहे.

लाइपझिगमध्ये ह्या बागांचं संग्रहालयही आहे. तिथं कळलं की १८६४ साली तिथं जी संस्था निघाली ती बागेसाठी नव्हतीच, मुलांना खेळायला मैदान हवं म्हणून होती. कडेनं मुलांसाठी वाफे केले. मुलांनी चार दिवस पाणी घातलं आणि सोडून दिलं, मग आई-बापच वाफे धरून बसले. आपल्या पंधरा नंबरकडं बघून मला हे नेहमी आठवतं, फक्त इथं उलट झालंय. आजोबा घरी बसतात आणि नातू गोगलगायी मोजतो.

वाफा ११

मी हळदीच्या अडतीतला माणूस. मार्केट यार्डात चाळीस वर्षं हळकुंडं मोडून आतला रंग बघितला, पण हळद लावली ती बागेतच. हसायचं असेल तर हसा.

हरिपूरची पेवं तुमच्यातल्या निम्म्यांनी बघितली नसतील. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ती माती अशी की खोल खड्डा घेतला तरी ढासळत नाही आणि ओल धरत नाही. आत पाला घालून हळद भरायची, तोंड बंद करायचं, वर्षानुवर्षं कीड लागायची नाही. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आतली हवा जीव घेते. आधी कंदील सोडायचा. कंदील पेटता राहिला तर माणूस उतरणार. लहानपणी वडिलांबरोबर गेलो होतो तेव्हा तो कंदील खाली जाताना बघितलाय, अजून डोळ्यांपुढं आहे. २००५च्या पुरात बरीच पेवं पाण्यानं गेली. सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा यार्डात पेढे वाटले, मी मात्र हरिपूरला जाऊन आलो.

पट्टीतली हळद अक्षय्य तृतीयेला लावली. बेणं कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राजवळच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडनं आणलं, जेठे गड्डे, म्हणजे मधले मूळ कंद, चांगले फुगीर. मालकांना जागा खरं तर डिसेंबरातच हवी होती. मी त्यांच्या घरी गेलो, म्हटलं हळद जमिनीत आहे. आतून त्यांच्या आई म्हणाल्या, "मग निघू दे की." पाडव्यापर्यंतची मुदत अशी मिळाली.

वाफा १४

सगळ्यांनी एवढं लिहिलंय, मी काय लिहू. भोगीला एकोणीस वाफ्यांतलं मिळून एकच भाजी केली होती, चार नंबरची वांगी, सतराचा पावटा, नऊचा (अर्थातच) मुळा, माझं गाजर. वीस जणांचा अंदाज होता, चाळीस आले. बाजरीच्या भाकरी थापून माझे हात दोन दिवस वर होत नव्हते. आणि वाफा ७, नऊ दिवस नव्हे, अकरा दिवस होतात.

वाफा १

हळद येत्या रविवारी काढायची. पाला पंधरा दिवसांपूर्वी कापलाय, जमीन तडकायला लागली आहे. सकाळी सातला या, ऊन चढायच्या आत पट्टी मोकळी झाली पाहिजे. कुदळीनं खणताना बाजूनं खणा, गेल्या वेळी निम्मे गड्डे चिरले. शिजवायची सोय अकरा नंबर करणार आहेत. जेठे गड्डे वेगळे काढायचे, बेण्यासाठी. ते आण्णांच्या जिन्याखाली सावलीत राहतील. त्यांनी गच्चीवर मातीची बावीस पोती भरून ठेवली आहेत, कुणाला सांगितलं नव्हतं, त्यांच्या नातीनं सांगितलं. ज्यांना गड्डे हवेत त्यांनी आण्णांना विचारा, मला नाही.

पाटी आणि घमेलं ज्याचं त्यानं आणावं. गेल्या वर्षी माझ्या दोन पाट्या गेल्या, त्यातली एक वाफा १३ मध्ये अजून दिसते.