अन्ननलिकेचं ऑपरेशन झालेल्या मुलीला पोळीचा घास जात नाही

सांगलीची आई:
मुलगी दीड वर्षाची. जन्मतः अन्ननलिका मध्येच तुटलेली होती, खालचं टोक श्वासनलिकेला जोडलेलं. लगेच ऑपरेशन झालं. पेज, गुरगुट्या भात छान खायची. पोळी सुरू केल्यापासून घास अडकतो, मान ताणते, लाळ गळते, मग सगळं उलटून पडतं. दूध मात्र नीट जातं. सासूबाई म्हणतात, नखरे आहेत. मला पटत नाही, ताट दिसलं की ती स्वतः धावत येते. डॉक्टर डायलेटेशन म्हणाले. ते काय असतं?

नऊ वर्षांच्या मुलाची आई:
ताई, नखरे नाहीत हे! पातळ जातं आणि घट्ट अडकतं, म्हणजे बहुतेक ऑपरेशनमध्ये नळी जिथे जोडली, ती जोडाची जागा आकसली आहे. या ऑपरेशननंतर बऱ्याच मुलांना होतं. माझ्या मुलाला बेरियम, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं पांढरं औषध, पाजून एक्स-रे काढला, तर जोडापाशी रेघ सुतासारखी बारीक. मग भूल देऊन दुर्बिणीतून फुगा घातला आणि तो फुगवून जागा रुंद केली, हेच डायलेटेशन. एकदाच भागेल असं धरून चालू नका. आमचं पुन्हा पुन्हा करावं लागलं, पण मधलं अंतर वाढत गेलं. अ‍ॅसिडिटीचं औषध चालू असेल तर मनाने बंद करू नका, आम्ल वर येत राहिलं की जोड परत आकसतो.

आणखी एक. या मुलांच्या अन्ननलिकेची घास खाली ढकलण्याची ताकद मुळातच कमी असते. म्हणून वाट रुंद झाली तरी जेवण सावकाशच होतं. आम्ही अजून पोळी आमटीत कुस्करतो, ताठ बसवतो, घासागणिक पाण्याचा घोट देतो. शाळेत डब्यासाठी जास्त वेळ मागून घेतलाय. घाई कुणालाच करू देत नाही.

बालविभागातली नर्स:
घास अडकून लाळही गिळता येत नसेल तर वरून केळं किंवा भाताचा गोळा देऊ नका, थेट दवाखाना गाठा. डायलेटेशननंतर ताप, छातीत दुखणं, मानेला सूज, यांतलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी परत न्या. क्वचित नळीला भोक पडतं.

सांगलीची आई:
शुक्रवारची वेळ मिळाली. तोवर पातळच देते. वजनही वाढलेलं नाही.

नऊ वर्षांच्या मुलाची आई:
वजनाचा तक्ता न्या. पेजेत तूप घाला, मुगाचं कढण द्या. आणि सासूबाईंना सोबत न्या, बेरियमचा फोटो त्यांनाही बघू दे.