शब्दचर्चा : वर्कशॉप, फॅसिलिटेटर, कोचिंग, कस्टमर आणि फीडबॅक यांना सीमाभागात काय म्हणावे?

प्रश्न (खानापूर तालुका)

आमच्या भागातील स्त्रीशक्ती संघांच्या (महिला बचत गटांच्या) महिलांसाठी व छोट्या कारागिरांसाठी एक मराठी पुस्तिका लिहिण्याचे काम मी हाती घेतले आहे. वस्तू बनवण्याआधी ती वापरणाऱ्याची गरज कशी ओळखावी आणि त्यासाठी गटात चर्चा कशी चालवावी, हा तिचा विषय आहे. इंग्रजी साहित्यातील शीर्षकात दिलेल्या पाच शब्दांपाशी लेखन अडले आहे. ‘प्रशिक्षण’ हा एकच शब्द सगळीकडे वापरला तर चालेल का? कन्नड परिपत्रकांमुळे ‘तरबेती’ हा प्रशिक्षणासाठीचा कन्नड शब्द तर सर्वांना ठाऊक आहेच.

उत्तर (बेळगाव)

ताई, ‘प्रशिक्षण’ सगळीकडे वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘तरबेती’चे मूळ अरबी ‘तरबियत’ म्हणजे संगोपन, शिकवण; तिच्यात काय आणि ‘प्रशिक्षणा’त काय, एकाला उत्तर माहीत असते आणि तो ते इतरांना देतो, हे गृहीत असते. तुमच्या पुस्तिकेत उत्तर गटातील महिलांनी शोधायचे असेल, तर शब्दानेच त्यांना श्रोत्यांच्या रांगेत बसवणे योग्य ठरणार नाही.

‘वर्कशॉप’ आपल्याकडे नकोच, कारण उद्यमबाग किंवा मच्छेच्या औद्योगिक परिसरात वर्कशॉप म्हणजे लेथ आणि ड्रिलिंग मशीन असलेली जागा. ‘कार्यशाळा’ मात्र निमंत्रणपत्रिकांमुळे रुळलेला आहे.

‘फॅसिलिटेटर’साठी महाराष्ट्रातील शिक्षक-प्रशिक्षणांत ‘सुलभक’ हा शब्द सर्रास चालतो आणि मूळ लॅटिन शब्दातही ‘सोपे’ हाच अर्थ असल्याने तो नेमका आहे. तरीही पहिल्यांदा वापरताना ‘चर्चा चालवणारी, पण स्वतःचे मत न लादणारी व्यक्ती’ असा खुलासा जोडावा. ‘सूत्रसंचालक’ टाळावा, कारण तो शब्द ऐकताच व्यासपीठ आणि सत्कार डोळ्यांपुढे येतात.

‘कोचिंग’ असे छापले तर पालक दहावी-बारावीच्या शिकवणीची चौकशी करू लागतील. ‘वस्ताद’ हा तालमीतला शब्द मला प्रिय आहे, पण वस्ताद डाव शिकवतो, तर ज्या पद्धतीचा प्रसार ब्रिटनमध्ये जॉन व्हिटमोर यांनी केला, तिच्यात कोच प्रामुख्याने प्रश्न विचारतो : काय साधायचे आहे, आज स्थिती काय आहे, कोणते मार्ग आहेत आणि त्यांपैकी नक्की काय करणार. क्रिकेटमुळे ‘कोच’ हा शब्द घरोघरी पोहोचलेला आहे, म्हणून व्यक्तीसाठी तो ठेवावा आणि क्रियेसाठी ‘प्रश्नांतून मार्ग शोधायला साथ देणे’ असे सरळ लिहावे.

खरी काळजी घ्यायला हवी ती ‘कस्टमर’च्या बाबतीत. ‘ग्राहक’ आणि त्याचेच घरगुती रूप ‘गिऱ्हाईक’ हे दोन्ही शब्द घेणाऱ्याकडे बोट दाखवतात, वापरणाऱ्याकडे नव्हे. कोल्हापुरी चपलेचे उदाहरण घ्या. तिच्या भौगोलिक मानांकनात (विशिष्ट प्रदेशातील वस्तूच्या नावाला मिळणाऱ्या कायदेशीर संरक्षणात) महाराष्ट्रातील ४ आणि कर्नाटकातील ४ जिल्हे आहेत व बेळगाव त्यांतील एक आहे. अथणी किंवा निपाणीकडच्या कारागिराला ‘तुमचे गिऱ्हाईक कोण?’ असे विचारले, तर माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव तो सांगेल आणि ते उत्तर चूक म्हणता येणार नाही. पण चप्पल ज्याच्या पायाला चावते तो माणूस त्या उत्तरात कुठेच नसतो. म्हणून ‘विकत घेणारा’ आणि ‘वापरणारा’ असे दोन शब्द पुस्तिकेत पहिल्या पानापासून वेगळे ठेवावेत, आणि प्रश्नावलीतही त्यांचे रकाने वेगळे असावेत.

‘फीडबॅक’ला ‘अभिप्राय’ म्हटले की लोक ‘छान आहे’ एवढे लिहून वही परत करतात, कारण अभिप्रायवहीची तीच रीत आहे. जपानी अभ्यासक नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये मांडलेला मुद्दा येथे उपयोगी पडतो : काही गुण असले तर कोणी वाखाणत नाही, नसले तर मात्र नाराजी होते. चपलेची शिवण उसवत नाही याबद्दल कौतुक कधीच लिहून येणार नाही. त्यामुळे मत विचारण्यापेक्षा ‘वापरताना काय अडले आणि तेव्हा तुम्ही काय केले?’ असे विचारावे व त्या रकान्याला ‘वापराचा अनुभव’ म्हणावे.

आणखी एक मत (उद्यमबाग)

वरील विवेचन मला मान्य आहे, परंतु आमच्या फाउंड्रीत ‘गिऱ्हाईक’ कोणी म्हणत नाही; ड्रॉइंग आणि ऑर्डर देणारी कंपनी ही ‘पार्टी’ असते. आमच्या कास्टिंगपासून (ओतीव भागापासून) बनलेला पंप शेतात चालवणारा शेतकरी आमच्यापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून दोन शब्दांची ही फारकत आम्हालाही लागू आहे. मुखपृष्ठावर मात्र ‘ग्राहक’ राहू द्यावा, कारण कन्नडमध्येही तोच शब्द आहे आणि कन्नड शाळेत शिकलेल्या मुली तो आपल्या आईला वाचून दाखवू शकतील.

प्रश्नकर्ती

दोघांचीही आभारी आहे. मुखपृष्ठावर ‘ग्राहक’ आणि आत ‘विकत घेणारा’ व ‘वापरणारा’ असे ठेवते. बायका बायकांसाठी वस्तू बनवतात तेथे ‘वापरणारी’ असे लिहावे काय?

उत्तर (बेळगाव)

अवश्य लिहावे. प्रश्नावली ज्या गटाच्या हाती पडेल, त्याप्रमाणे रूप बदलावे. ‘वापरणाऱ्या व्यक्तीने’ अशी सरसकट रचना केली, तर वाचणारीला तो प्रश्न दुसऱ्या कोणासाठी आहे असे वाटते.