मदत हवी आहे: एकच टायर नवीन टाकला, आता गाडी वळताना अडकते

ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद जाणारी) छोटी सेडान, सीव्हीटी (बिनटप्प्याचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ९० हजार किमी चाललेली. एक टायर साइडला फाटला म्हणून तेवढाच बदलला (कंजूषी नडली बहुतेक), त्याची नक्षी ८ मिमी आणि बाकी तिघांची जेमतेम ४. तेव्हापासून पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण फिरवून हळू वळवली की मागून कुणी धरून ठेवल्यासारखी अडकत अडकत जाते, सरळ रस्त्यावर काहीच नाही. हवा सारखी आहे, अलाइनमेंट झालं, स्कॅनरला एरर कोड नाही. सीव्हीटी ऑइल कधीच बदललेलं नाही, मेकॅनिक म्हणतो आधी तेच बदला, मला टायरचाच संशय आहे, आणि दोन्ही एकदम करायचं बजेट नाही. चारही टायर सारखे केले तर हे थांबेल, का सेंटर क्लच (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा) आधीच गेला असेल, आणि ते खर्च करायच्या आधी कसं ओळखायचं?