योसेमिटी, सासूबाई आणि प्रश्न एकच: १२० की १४०?

प्रेषक: अमृता (फ्रीमाँट)

नमस्कार मंडळी,

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात योसेमिटी नॅशनल पार्कला निघतोय. एल पोर्टलला दोन खोल्या बुक झाल्यात, त्यामुळे "योसेमिटीऐवजी टाहो का नाही" हे कृपया नको. माणसं सात: आम्ही दोघं, दोन मुलं, माझे आई-बाबा आणि सासूबाई. सासूबाईंना मंडळाच्या संक्रांतीला सगळ्यांनी बघितलंच आहे. खुब्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. घरात वॉकर घेऊन फिरतात, बाहेर चाळीस-पन्नास पावलं, त्यापुढे नाही. शिवाय गाडी लागते.

हायवे १२० ने जावं की हायवे १४० ने? नवरा १२० म्हणतोय, कारण फोन वीस मिनिटं कमी दाखवतो. मला १२० वरच्या प्रीस्ट ग्रेड घाटाची धास्ती आहे. वयस्कर माणसं घेऊन ज्यांनी हे रस्ते केलेत त्यांनीच सांगा. रविवारपर्यंत ठरवायचंय.

अमृता

---

प्रेषक: मिलिंद (ट्रेसी)

१२०, डोळे झाकून. (म्हणजे चालवताना उघडे ठेवून.) ओकडेलला सकाळी आठला पोचा, तिथे बाथरूम, चहा, पेट्रोल सगळं उरका. पुढे मॉकासिनला दोन फाटे आहेत. ओल्ड प्रीस्ट ग्रेडच्या वाटेला जाऊ नका. दोन मैलांत पंधराशे फूट चढतो, भरलेली व्हॅन कण्हायला लागते. न्यू प्रीस्ट ग्रेडने जा. तीच उंची, पण सहा मैलांत. पसरणीचा घाट केलेल्या माणसाला त्याचं काही वाटायचं कारण नाही.

आम्ही दर वर्षी असेच जातो.

मिलिंद

---

प्रेषक: शैला (सनीवेल)

मिलिंद, तुम्ही दर वर्षी तंबू घेऊन जाता, सासूबाई घेऊन नाही.

अमृता, गाडी चढाने लागत नाही, वळणाने लागते. न्यू प्रीस्ट ग्रेड म्हणजे सहा मैल नुसती वळणं. ओल्डवर वळणं कमी, पण तो चढ बघून पुढे बसलेल्या माणसाचा जीव दडपतो. थोडक्यात दोन्ही नकोत. आणि प्रीस्ट ग्रेड चढून काम संपत नाही. ग्रोव्हलंडपासून रस्ता चढतच राहतो, क्रेन फ्लॅटला सहा हजार फुटांच्या वर जातो आणि मग योसेमिटी व्हॅलीत, म्हणजे दरीत, चार हजारांवर उतरतो. म्हणजे कान दोनदा बंद, पोटात दोनदा कालवाकालव, आणि हे सगळं शेवटच्या तासात, माणूस आधीच अवघडलेला असताना.

१४० मर्सेडपर्यंत सरळसोट. मर्सेड ते मारिपोसा टेकड्या आहेत, मिडपाइन्सनंतर एक उतार आहे आणि तिथे वळणं आहेत, नाही म्हणत नाही. पण ब्राइसबर्गला नदी लागली की रस्ता नदीकाठानेच पार्कच्या आर्च रॉक गेटपर्यंत जातो. तुमचं हॉटेल एल पोर्टलला, म्हणजे याच रस्त्यावर! १२० ने आलात तर आधी दरीत उतरायचं आणि मग परत खाली एल पोर्टलला यायचं. ती फोनमधली वीस मिनिटं दरीपर्यंतची असतील. हॉटेलचा पत्ता घालून बघा, मग बोलू.

उंचीची काळजी नको. दरी चार हजार फूट, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा जरा खालीच.

शैलाताई

---

प्रेषक: मिलिंद (ट्रेसी)

तंबूबरोबर माझे सासरेही आले होते, पण असो.

१४० चं गुणगान करताना ताई फर्ग्युसनची दरड विसरल्या. २००६ साली डोंगर रस्त्यावर आला. मग नदीवर तात्पुरते पूल, पलीकडून एकेरी वाहतूक आणि सिग्नल, हे वर्षानुवर्षं चाललं. आम्ही एकदा तिथे भर दुपारी उभे होतो. मर्सेडच्या बाजूला जूनमध्ये पारा शंभर फॅरनहाइटच्या पुढे जातो हेही लिहायला हवं होतं.

मिलिंद

---

प्रेषक: विनायक (कूपर्टिनो)

फर्ग्युसनची दरड! आमच्या वेळी फर्ग्युसनमध्ये दरड फक्त हजेरीत कोसळायची.

गंमत बाजूला. रस्ता कुठलाही घ्या, मला वेगळंच सांगायचंय. माझ्या आईला आम्ही ग्रँड कॅन्यनला नेलं होतं. प्रत्येक पॉइंटला गाडी थांबली की ती म्हणायची, "तुम्ही जाऊन या, मी बसते इथेच." आम्हालाही वाटलं, खरंच बसायचंय तिला. तिसऱ्या पॉइंटला माझ्या धाकटीने विचारलं, आजी तुला दिसलं का गं? तर आजीला तोपर्यंत पार्किंगमधल्या गाड्यांचे नंबर तेवढे दिसले होते. मग कळलं की सक्तीने उतरवावं लागतं. "येतेस का" असं विचारायचं नाही, "चल" म्हणायचं.

आणि पाणी. बाथरूमला जावं लागू नये म्हणून ती पाणीच पीत नव्हती. हे सांगत कोणीच नाही. बाटली भरलेली दिसली की समजायचं.

विनायककाका

---

प्रेषक: प्राजक्ता (सॅन रमोन)

काकांचा पाण्याचा मुद्दा अगदी बरोबर. रोज असे पेशंट बघते. सासूबाईंना लघवी होण्याची गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचार, तुझं तू ठरवू नकोस. आणि दर दीड-एक तासाला गाडी थांबव. उतरणं जमलं नाही तरी बसल्या बसल्या पावलं वर-खाली करायला लाव, पायात रक्त साकळू नये म्हणून.

१२०-१४० वर इतकी चर्चा चाललीय पण गाडी कुठली हे कोणीच विचारलेलं नाही. एसयूव्ही नको, चढायला उंच. सेडान नको, खुब्याच्या पेशंटला इतकं खाली बसणं बरं नाही. मिनीव्हॅनच घे, सरकत्या दाराची. बसायची रीत: सीटवर एक प्लॅस्टिकची पिशवी पसर. त्यांनी गाडीकडे पाठ करायची, सीटची कड पायाला लागेपर्यंत मागे यायचं, एका हाताने तुला आणि दुसऱ्याने सीटला धरून आधी बूड टेकायचं, मग मागे सरकायचं. मग तू त्यांचे दोन्ही पाय एकत्र उचलून आत फिरवायचे. पिशवीमुळे अंग सहज फिरतं. एक पाय आत, एक बाहेर असं करून चढवू नका, सगळे तेच करतात. बसल्यावर पिशवी काढून टाक, नाहीतर ब्रेक लागला की माणूस पुढे घसरतो.

कमोडवर बसवायची उंच सीट बरोबर घे. हॉटेलला नुसतं "अ‍ॅक्सेसिबल रूम" सांगून भागत नाही. त्यात टबवाली खोलीही येते, दांडे लावलेली. "रोल-इन शॉवर" (उंबरठा नसलेला, खुर्चीसकट आत जाता येतं तो) असं नाव घेऊन माग. टब ओलांडणं त्यांना जमणार नाही.

व्हीलचेअर मोठ्या चाकांची हवी. लहान चाकांची ट्रान्स्पोर्ट चेअर हलकी असते, पण खडी आली की पुढची चाकं रुततात. मंडळाकडे मोठ्या चाकांची आहे ना?

प्राजक्ता

---

प्रेषक: गिरीश (साहित्य समिती)

मंडळाची व्हीलचेअर मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. खाजगी सहलीसाठी देऊ नये असा नियम नाही, पण द्यावी असाही नाही. गणपतीनंतर एका सभासदांनी नेली आणि परत आली तेव्हा डावा फूटरेस्ट नव्हता. नाव या ईमेल यादीवर घेत नाही, त्यांना माहीत आहे. त्यामुळे आता वहीत सही केल्याशिवाय साहित्य बाहेर जाणार नाही. हे समयांनाही लागू आहे आणि चाळीस लिटरच्या पातेल्यालाही.

अमृता, फूटरेस्टशिवाय चालणार असेल तर फोन कर.

गिरीश

---

प्रेषक: प्राजक्ता (सॅन रमोन)

फूटरेस्टशिवाय अजिबात चालणार नाही. पाय खाली घसटला की अडकतो, खुर्ची पुढे जाते आणि पाय मागे राहतो. गिरीश, ती खुर्ची संक्रांतीला वापरली की काय तशीच?

---

प्रेषक: सुहास (डब्लिन)

दरीत सायकली भाड्याने देतात तिथे व्हीलचेअरही मिळते. मंडळाची वही आणि सही दोन्ही वाचेल.

दुसरं, आजींसाठी निळं प्लॅकार्ड (अपंगांच्या पार्किंगचा परवाना) काढा. मारिपोसा ग्रोव्हला, म्हणजे पार्कमधल्या सिकोयाच्या महावृक्षांच्या राईला, एरवी शटलने जावं लागतं, प्लॅकार्ड असेल तर स्वतःची गाडी थेट झाडांपर्यंत नेता येते. मिरर लेकच्या बंद रस्त्यावरही जाता येतं, दिवे लुकलुकत ठेवून हळूहळू. त्यासाठी डीएमव्हीचा (इथल्या आरटीओचा) आरईजी १९५ फॉर्म आहे. तात्पुरत्याला ६ डॉलर, जास्तीत जास्त १८० दिवस. पुण्याच्या डॉक्टरांचं पत्र घेऊन जाऊ नका, फॉर्मवर इथल्या डॉक्टरांची सही आणि लायसन्स नंबर लागतो. प्लॅकार्ड माणसाचं असतं, गाडीचं नाही. त्यामुळे भाड्याच्या व्हॅनलाही चालतं, पण आजी गाडीत नसताना लावलंत तर दंड जबर आहे.

सुहास

---

प्रेषक: शैला (सनीवेल)

मारिपोसा ग्रोव्ह कोणी काढलं मध्येच? दरीतून सव्वा तास, वावोनाचा रस्ता, तोही वळणाचा. जाऊन-येऊन अडीच तास, म्हणजे प्रीस्ट ग्रेड वाचवून काय मिळवलं? आणि ग्रोव्हचं शटलही व्हीलचेअरला चालतं, नुसतं त्यासाठी प्लॅकार्ड काढायला नको. दरीतल्या पार्किंगसाठी मात्र जरूर काढा, जूनमध्ये दहानंतर जागा मिळत नाही.

अमृता, दरीतच राहा. लोअर योसेमिटी फॉलला पूर्वेकडच्या वाटेने जायचं, अर्धा मैल, खुर्ची धबधब्यासमोरच्या पुलापर्यंत जाते. जूनमध्ये पाणी असतं, तुषार अंगावर येतात. ऑगस्टला गेलात तर कोरडा खडक बघून यायचं. मग कुक्स मेडोवरचा लाकडी रस्ता, तिथून हाफ डोमचा कडा बसल्या जागी दिसतो. आणि टनेल व्ह्यू, तिथे फार चालावं लागत नाही. काकांचं ऐका, तिथे उतरवाच. एका दिवसात इतकंच. मुलांना व्हर्नल फॉलला जायचं असेल तर एकाने मुलांबरोबर जावं, एकाने आजींबरोबर थांबावं. दोघांनी जाऊन आई-बाबांच्या गळ्यात सासूबाई घालू नयेत, हे लिहिलं नसतं पण मागे एका सहलीत बघितलंय.

शैलाताई

---

प्रेषक: अमृता (फ्रीमाँट)

सगळ्यांचे आभार. हॉटेलचा पत्ता घालून बघितला. एल पोर्टलला १४० नेच लवकर पोचतो. नवऱ्याने स्क्रीन दोनदा ताजी केली, आकडा बदलला नाही. तेव्हा १४०. पहाटे साडेपाचला निघतोय, म्हणजे मर्सेड उन्हाच्या आधी जाईल. रस्ता सुरू आहे का ते सकाळी कॅलट्रान्सच्या (राज्याच्या रस्ते खात्याच्या) साइटवर बघून मगच.

मिनीव्हॅन मिळतेय, पण सातही सीट वर असल्या की मागे दोन दप्तरांपुरतीच जागा उरते. खुर्ची, वॉकर, ती उंच सीट, कूलर आणि बाबांचा कुकर (हॉटेलच्या भातावर विश्वास नाही). छतावर पेटी लावायची तर भाड्याच्या गाडीला परवानगी नाही. दुसरी गाडी न्यावी का? की बाबांना कुकरविषयी कोणी समजावेल?

सुहास, प्लॅकार्डचा फॉर्म उतरवून घेतला. प्राजक्ता, पिशवीची तालीम काल ड्राइव्हवेत केली. सासूबाई म्हणाल्या, "मला पार्सल करताय की काय?" पण बसल्या.

---

प्रेषक: मिलिंद (ट्रेसी)

दुसरी गाडी न्याच. म्हणजे तुम्ही १४० ने जा आणि नवऱ्याला मुलांना घेऊन १२० ने पाठवा. सामान त्याच्याकडे. येताना मात्र प्रीस्ट ग्रेड उतरताना खालचा गिअर ठेवायला सांगा, ब्रेकवर पाय देऊन बसला तर ब्रेक तापतात.

कुकरला माझा पाठिंबा.

---

प्रेषक: शैला (सनीवेल)

औषधांची पिशवी सामानाच्या गाडीत टाकू नका.

---

प्रेषक: विनायक (कूपर्टिनो)

गिरीश, डावा फूटरेस्ट माझ्या गॅरेजमध्ये आहे. मी नेली नव्हती, गणपतीच्या सामानात आला. कोणाला हवा?

---

प्रेषक: गिरीश (साहित्य समिती)

काका, शनिवारी शाळेत आणा. सही तुम्हालाही करावी लागेल. अमृता, तुम्ही जाताय त्याच शनिवार-रविवारी वार्षिक सहलीसाठी आणखी एकांनी खुर्ची मागितली आहे, त्यांचा मेल तुझ्या आधीचा आहे. तुम्ही दोघी आपसात ठरवा, पण यादीवर नको.