विंडोज नव्यानं टाकलं आणि डी ड्राइव्ह दिसेनासा झाला : तुमचे अनुभव लिहा

लोकमान्य नगर, इंदूर

गेल्या महिन्यात आमच्या घरी जे झालं ते सविस्तर लिहिते. इंदुरातल्या बाकीच्यांनीही आपापलं लिहावं ही मनापासून विनंती. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून जो तो मशीन नव्यानं लावून घेतोय, आणि "अगं, आमचा डी ड्राइव्ह कुठे गेला?" असा फोन मला तीन घरांतून येऊन गेला.

बाबांचा कॉम्प्युटर जुना. हार्डडिस्क ५०० जीबीची, विंडोजला ती ४६५ दिसते. त्यात १५० चा सी आणि उरलेला सगळा डी. डीमध्ये घराण्याचा कुलवृत्तांत, मोडी कागदांचे स्कॅन आणि रामबाग, लोकमान्य नगर भागातल्या गणेशोत्सवांत बाबांनी स्वतः केलेली ध्वनिमुद्रणं. मशीन फार रखडायला लागलं म्हणून भाच्यानं विंडोज टाकायचा बूटेबल पेनड्राइव्ह लावला. विंडोज कुठे टाकायचं असं विचारणारी यादी येते ना, तिथे त्यानं एकेक ओळ निवडून डिलीट केली, १०० जीबीचा नवा सी केला आणि पुढे गेला. सगळं संपल्यावर पाहिलं तर एकटा सी. बाबा एक शब्द बोलले नाहीत. उठून गॅलरीत जाऊन बसले.

मशीन लगेच बंद केलं, हे आमच्या हातून चांगलं झालं. डिस्क काढून केबलनं माझ्या लॅपटॉपला जोडली. विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये १०० जीबीच्या पुढे नुसती काळी पट्टी, वर लिहिलेलं 'अनअलोकेटेड', म्हणजे कुठल्याच ड्राइव्हला न दिलेली जागा. तिच्यावर उजवं बटण दाबलं की 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' असं येतं, आणि तेच करावंसं वाटतं. करू नका! त्यानं रिकामा नवा ड्राइव्ह तयार होतो, आणि फॉरमॅटनं लिहिलेल्या नव्या नोंदी जुन्या नोंदींवर बसतात.

मी टेस्टडिस्क वापरलं, हरवलेले ड्राइव्ह शोधून देणारं. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. काळ्या पडद्यावर चालतं, माउस नाही, सगळं बाणांच्या बटणांनी. डिस्क निवडली, पार्टिशन टेबलचा, म्हणजे डिस्कचा कोणता भाग कुठे आहे या नोंदींचा, प्रकार 'इंटेल' घेतला (डिस्क जुनी, नोंदी एमबीआर या जुन्या पद्धतीच्या), मग 'अ‍ॅनलाइज' आणि 'क्विक सर्च'. थोड्या वेळानं ओळी दिसल्या : नवा सी, जुना सी आणि आमचा डी, त्याच्या नावासकट! डीच्या ओळीवर पी दाबलं तर फोल्डरांची यादी उघडली. बाबांना हाक मारली. चष्मा लावून त्यांनी 'मोडी कागद' हे नाव वाचलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.

खाली मात्र 'स्ट्रक्चर : बॅड' असं येत होतं. नवा सी आणि जुना सी एकाच जागेवर हक्क सांगत होते, म्हणून. जुन्या सीची ओळ 'डिलीटेड' ठेवल्यावर ते गेलं. तरीही टेबल लिहायची घाई केली नाही. आधी फोल्डरांच्या त्याच यादीतून कीबोर्डवरच्या सी बटणानं सगळी फोल्डरं दुसऱ्या डिस्कवर कॉपी केली. रात्रभर चाललं. सकाळी 'राइट' केलं, मशीन पुन्हा चालू केलं, आणि डी जागेवर.

जेल रोड परिसर, दुरुस्तीचं काम करतो

ताई, तुमचा डी वाचला त्याचं कारण साधं आहे. यादीत डिलीट केलं की फक्त नोंद पुसली जाते. एमबीआर डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्सच्या सेक्टरमध्ये पार्टिशनच्या नोंदींना अवघे ६४ बाइट्स असतात, १६-१६ च्या चार नोंदी. तेवढं पुसलं की ड्राइव्ह नाहीसा, पण माल जागच्या जागी. तुमचा नवा सी १०० चा होता आणि डी १५० च्या पुढे सुरू होत होता, म्हणून त्याला धक्का लागला नाही. भाच्यानं पूर्ण डिस्कचा एकच सी केला असता तर नवं विंडोज कुठे कुठे लिहून बसलं असतं ते सांगता आलं नसतं. नव्या मशीनवर जीपीटी ही नोंदींची नवी पद्धत असते, तिथे टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते. टेस्टडिस्कमध्ये प्रकार निवडताना हे बघा, उगाच 'इंटेल' दाबू नका.

माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मशीनांत तर काहीच गेलेलं नसतं. ड्राइव्हला अक्षर मिळालेलं नसतं, किंवा डी हे अक्षर डीव्हीडीनं घेतलेलं असतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये अक्षर दिलं की पाच मिनिटांत काम होतं, आणि मी त्याचे पैसे घेत नाही. कुणाचे डेस्कटॉपवरचे फोटो गेलेले असतात आणि ते सीमध्येच 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये पडलेले असतात. ते आधी बघा, कारण साधारण १० दिवसांनी विंडोज ते आपणहून काढून टाकतं.

आणि 'रॉ' दाखवणाऱ्या, म्हणजे विंडोजला आतली रचना ओळखता न येणाऱ्या ड्राइव्हवर चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन चालवू नका. ते दुरुस्ती समजून जुन्या नोंदी बदलतं. डिस्क खडखडत असेल तर टेस्टडिस्कसुद्धा नको. आधी डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरनं पूर्ण डिस्कची प्रत काढायची आणि मग त्या प्रतीवर काम करायचं.

सुदामा नगर

माझं लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली, टाकताना झालं. मी फोटो काढतो. उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकताना 'इरेज डिस्क' हा पर्याय निवडला. वाटलं, विंडोजचा भाग तेवढा जाईल. तो पर्याय आख्खी डिस्क घेतो, हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं असं आहे. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्यांचे (सजवलेल्या देखाव्यांचे) सात वर्षांचे फोटो त्यात होते. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, पण तिची झांकी अजून निघते. त्या कामगारांच्या घरातली माणसं माझ्याकडे फोटो मागायला येतात, म्हणून जीव जास्त तुटला.

टेस्टडिस्कला जुनं पार्टिशन दिसलं, पण पी दाबल्यावर यादी येईना. मग त्याच्यासोबतच येणारं फोटोरेक चालवलं. ते नोंदींकडे बघतच नाही. प्रत्येक जेपीजीची सुरुवात ठरावीक बाइट्सनी होते, त्या खुणेवरून ते फोटो उचलतं. त्यामुळे नावं आणि फोल्डरं परत येत नाहीत, एफ आणि पुढे आकडे अशी हजारो नावं मिळतात. पण फोटोच्या आत कॅमेऱ्यानं तारीख लिहिलेली असते. तिच्यावरून लावत गेलो. झांक्या रात्रभर चालतात, म्हणजे प्रत्येक वर्षाचे फोटो दोन तारखांत विभागलेले. त्या जोड्या लावायला दोन आठवडे गेले. फोटो बहुतेक सगळे मिळाले. व्हिडिओ मात्र तुकड्यांत होते, त्यांतले थोडेच चालतात.

राजेंद्र नगर

वहिनींच्या लॅपटॉपवर विंडोज नव्यानं टाकलं, तर डीवर बिटलॉकरचं कुलूप; ही विंडोजची ड्राइव्ह कुलूपबंद करायची सोय. जुन्या विंडोजमध्ये डी आपोआप उघडायचा. ती किल्ली जुन्या सीमध्ये होती आणि सी तर पुसलेला. बिटलॉकरची रिकव्हरी की ४८ आकडी असते. वहिनींच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन केल्यावर ती मिळाली. मिळाली नसती तर कुठलंच सॉफ्टवेअर कामी आलं नसतं. विंडोज टाकण्याआधी बिटलॉकर चालू आहे का ते बघा आणि की कागदावर उतरवून ठेवा.

रामबाग

मी निवृत्त शिक्षक. तुमच्यासारखा शेवट माझा नाही, तरी लिहितो. दोन वर्षांपूर्वी लॅपटॉपला एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) होती. ज्याला काम दिलं त्यानं दोन्ही ड्राइव्ह एक करून क्विक फॉरमॅट मारला, न विचारता. त्यात सौभाग्यवतींच्या गाण्याची ध्वनिमुद्रणं होती. ती स्वतः आता हयात नाही. एसएसडीत ट्रिम म्हणून सोय असते. फॉरमॅट झाला की विंडोज डिस्कला कळवतं की ही जागा मोकळी, आणि डिस्क आतल्या आत ती पुसून घेते. जुन्या फिरत्या डिस्कमध्ये माल पडून राहतो, तसं इथे होत नाही. दोन ठिकाणी दाखवलं, दोघांनीही हेच सांगितलं. पुतण्याच्या फोनवर एक भजन निघालं, अर्धवट. तेवढं आहे.

तिलक नगर, डीटीपीचं काम

एक वेगळीच अडचण सांगते. आमच्या मंडळाच्या स्मरणिकांच्या फायली टेस्टडिस्कनं नावांसकट परत आल्या, उघडल्या तर सगळी अक्षरं अगम्य. घाबरून गेले. फायली चांगल्याच होत्या. त्या युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, आणि फॉन्ट होते सीमध्ये, जो पुसला गेला. जुन्या मशीनवरून तोच फॉन्ट आणून टाकल्यावर मजकूर वाचता आला. मराठीचं जुनं काम ज्यांच्याकडे आहे त्यांनी सीमधलं फॉन्टचं फोल्डर आधी बाहेर काढावं. आणि मिळालेली फाईल 'खराब झाली' समजून डिलीट करू नये, मी एक केली.

लोकमान्य नगर, इंदूर

सगळ्यांचे आभार. जेल रोडच्या दादांचं चेकडिस्कचं वाक्य मी भाच्याला वाचून दाखवलं; तो तेच चालवायला निघाला होता.

रामबागच्या काका, एक विचारायचं आहे. तुमच्या पत्नी तिथल्या गणेशोत्सवात गायच्या का, आणि साधारण कोणत्या वर्षी? बाबांच्या डीमध्ये 'रामबाग' नावाचं फोल्डर आहे. वर्षावार लावलेलं आहे, पण गाणाऱ्यांची नावं लिहिलेली नाहीत. आवाज ओळखणारं कुणी हवं. काही मिळेलच असं म्हणत नाही. वर्ष कळवलंत तर बाबा आणि मी आज रात्रीच ऐकायला बसतो.