आठशेला आठशेचाच आवाज हवा

घाटमाथा (धागाकर्ता):
‘असेटो कोर्सा’ या कार रेसिंगच्या गेमसाठी कुणीतरी बनवलेली मारुती ८०० मिळाली. बॉडी, डॅशबोर्ड, दाराची हँडलंसुद्धा हुबेहूब. सेल मारला आणि बाहेर पडली व्ही-८ ची, म्हणजे आठ सिलेंडरच्या इंजिनाची डरकाळी! फोल्डर उघडला तर दुसऱ्या गाडीची साउंड बँक (आवाजांची फाइल) उचललेली, सोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये फक्त गाडीचं नाव बदललेलं. ज्यानं हँडलवर इतकी मेहनत घेतली, त्यानं इंजिन दोन मिनिटांत उरकावं हे मला पटत नाही.

हे ७९६ सीसीचं, तीन सिलेंडरचं इंजिन आहे. ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्या) सेकंदाला ७५ वेळा फायरिंग. चार सिलेंडर असते तर १००. आमच्या घरच्या आठशेत आयडलला गिअरचा दांडा त्याच तिहेरी ठेक्यात थरथरायचा. तो ठेका गेला की उरतो नुसता पत्रा.

रात्रपाळी:
असहमत. दिवसभर आठशेच चालवतो, रात्री वेगळं काही ऐकायचं असतं. आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर ७५ हर्ट्झ (सेकंदाला ७५ कंपनं) येतच नाहीत, वरची किरकिर तेवढी येते. शिवाय रेसमध्ये टॅकोमीटर (आरपीएमचा काटा) बघायला वेळ कुणाला? मी गिअर कानानं टाकतो. लिमिटर (आरपीएम ठरावीक मर्यादेवर रोखणारा) जवळ आला हे ऐकू आलं पाहिजे, मग इंजिन कुणाचंही असो.

जुना_कार्ब्युरेटर:
धागाकर्त्याशी सहमत, पण हे काम सोपं नाही. मी प्रीमियर पद्मिनीचा आवाज करायला घेतला होता (कुर्ल्यात बनायची, १०८९ सीसी). आधी ओळखीच्यांची गाडी उभी करून न्यूट्रलवर रेस दिली आणि मोबाइल सायलेन्सरजवळ धरला. सगळं वाया. इंजिनावर लोड नसला की आवाज पोकळ येतो. वर मोबाइल स्वतःच आवाज कमी-जास्त करतो, त्यामुळे आयडल आणि फुल रेस सारखेच मोठे!

मग हातातला रेकॉर्डर घेऊन, लेव्हल एकदाच लावून, खंबाटकीच्या चढाला सेकंड गिअरमध्ये रेकॉर्डिंग केलं. दर हजार आरपीएमला एक तुकडा अॅक्सिलरेटर दाबून, एक सोडून. एफमॉडमध्ये (गेमचे आवाज जुळवायचं सॉफ्टवेअर) ते एकमेकांत मिसळायलाच तीन रविवार गेले.

रात्रपाळी:
इतकं कशाला? चार सिलेंडरचा लूप (सलग फिरून वाजणारा तुकडा) घ्या, पिच पाऊणपट करा. १०० चे ७५ झाले.

घाटमाथा:
आकडा जुळतो, आवाज नाही. पिच उतरवला की सायलेन्सरची घुमही सोबत खाली येते, आणि ती घुम आरपीएमवर नाही, पाइपच्या लांबीवर ठरते. म्हणून गाडी आजारी वाटते.

स्पीकरचा मुद्दा मात्र मान्य. त्यावर १५०, २२५, ३०० हर्ट्झ उचलून द्यायचे, म्हणजे ७५ च्याच पटी. मूळ सूर नसला तरी कान तो भरून काढतो, ठेका तिहेरीच राहतो. एवढी छेडछाड मला चालते.

रात्रपाळी:
बरं, तुमचे लूप टाका. हेडफोन न लावता ऐकतो. पण लिमिटरच्या आधीचे पाचशे आरपीएम ओळखू आले नाहीत, तर माझ्या आठशेत व्ही-८ च राहील.