एचडीआर बंद करण्याआधी मॉनिटरचा खरा आकडा शोधा

काही जण म्हणतात की विंडोजमध्ये एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारी चित्राची पद्धत) चालू केलं की सिनेमात दिव्यांच्या जागी नुसते पांढरे डाग दिसतात, म्हणून ते बंदच ठेवावं. मला हे पटत नाही. एचडीआर१० या प्रचलित एचडीआर प्रकाराचा सिग्नल ठरावीक निट्स (उजेडाचं एकक) मागतो, कमाल १०,००० पर्यंत. आपले मॉनिटर बहुधा ४००-६०० लाच दमतात. खरी मर्यादा प्लेअरला ठाऊक नसेल तर चित्राच्या सर्वांत उजळ भागातला तपशील कापला जातो.

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टचं एचडीआर कॅलिब्रेशन ॲप फुकट आहे. खोलीत अंधार करा, मॉनिटरचा डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (चित्रानुसार उजेड आपोआप बदलणारी सोय) आधी बंद करा (हा फार घोळ घालतो), आणि ॲपमध्ये दिसणारी नक्षी जेमतेम दिसेनाशी होईपर्यंतच स्लायडर सरकवा. माझ्या मॉनिटरच्या खोक्यावर ६०० होतं, नक्षी ४६० लाच विरली! तोच आकडा एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरमध्ये टार्गेट-पीक (मॉनिटरचा कमाल उजेड सांगणारी सेटिंग) ला दिला, आणि कंदिलाच्या पांढऱ्या ठिपक्यात वात दिसली.

डेस्कटॉप फिकट वाटत असेल तर एसडीआर (एचडीआर नसलेलं साधं चित्र) ब्राइटनेसचा स्लायडर वेगळा आहे. त्याने एचडीआर सिनेमाच्या उजेडात फरक पडत नाही, त्यामुळे तो खुशाल डोळ्यांना बरा वाटेल तिथे ठेवा.